विश्लेषण : फुटबॉल खेळताना कानातले का चालत नाही? चिकटपट्टी लावली तरीही?

शालेय फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मैदानाच्या कडेला एक वाद हमखास रंगतो. सामन्याआधी पंच दोन्ही संघांना रांगेत उभे करतात, बुटांचे तळवे पाहतात, मोज्यांत शिनगार्ड आहेत का ते तपासतात आणि मग त्यांची नजर हाताकडे, गळ्याकडे, कानाकडे जाते. कुणाच्या कानातल्याची फिरकी निघत नाही, कुणाच्या मनगटावरचा धागा ‘देवाचा’ असतो, कुणी आठवड्यापूर्वीच दुसरे छिद्र पाडून घेतलेले असते. ‘एवढ्याशा टिकलीएवढ्या कुडीने काय होणार आहे?’ हा पालकांचा प्रश्न असतो, आणि ‘पट्टी लावून खेळू द्या की’ ही प्रशिक्षकांची विनंती. नियम काय सांगतो, तो एवढा कडक का, आणि त्यात धर्म, परंपरा, आजार यांना किती जागा आहे, याचा हा आढावा.

नेमका नियम काय?

फुटबॉलचे नियम फिफा एकटी ठरवत नाही. ते काम १८८६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्डाचे, म्हणजे ‘आयफॅब’चे आहे. एकूण १७ नियमांपैकी चौथा नियम खेळाडूच्या पोशाखाचा आणि साहित्याचा. त्याची सुरुवातच सुरक्षिततेपासून होते. धोकादायक असे काहीही अंगावर असता कामा नये, असे सांगून हा नियम पुढे दागिन्यांची नावेच घेतो : गळ्यातल्या साखळ्या, अंगठ्या, ब्रेसलेट, कानातले, चामड्याचे पट्टे, रबरी पट्टे वगैरे. हे सगळे निषिद्ध आहे आणि काढलेच पाहिजे. त्यालाच जोडून दुसरे वाक्य आहे, ज्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते : दागिना चिकटपट्टीने झाकणे मान्य नाही.

सामन्याआधी प्रत्येक खेळाडूची आणि मैदानात उतरण्याआधी प्रत्येक बदली खेळाडूची तपासणी झालीच पाहिजे, असेही नियम सांगतो. खेळ सुरू झाल्यावर दागिना दिसला तर पंचांनी तो काढायला सांगायचे. तिथल्या तिथे निघत नसेल किंवा खेळाडू तयार नसेल, तर खेळ थांबताच त्याने मैदानाबाहेर जायचे. परत येताना पुन्हा तपासणी आणि पंचांची परवानगी. तोवर त्याचा संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. काढायला ठाम नकार दिला, किंवा काढलेला दागिना पुन्हा घातला, तर पिवळे कार्ड.

नियमात ‘लहान’, ‘सोन्याचे’, ‘घट्ट बसलेले’ किंवा ‘नुकतेच टोचलेले’ असा भेद कुठेही नाही. मुलांच्या फुटबॉलसाठी वेगळी सूटही नाही. लहान मुले, ज्येष्ठ, अपंग खेळाडू आणि गल्ली-गावपातळीवरचे फुटबॉल यांच्यासाठी आयफॅब काही बदल करू देते, पण ते मैदानाचा आकार, चेंडू, गोलखांबांमधले अंतर, सामन्याचा वेळ, बदली खेळाडू पुन्हा उतरवणे अशा गोष्टींपुरते. दागिने त्या यादीत नाहीत. तेव्हा ‘दहा वर्षांच्या पोरांना कशाला विश्वचषकाचे नियम?’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. धडपडण्याचे आणि एकमेकांच्या अंगावर पडण्याचे प्रमाण पाहिले, तर हा नियम दहा वर्षांच्या पोरांनाच अधिक गरजेचा आहे.

आणखी एक तपशील : मैदानावरच्या पंचांनाही दागिने घालण्यास मनाई आहे, वेळ पाहण्याच्या घड्याळाचा अपवाद वगळता. पंचांच्याच बोटात पुष्कराज आणि मनगटावर लाल धागा असेल, तर समोरच्या मुलीला ‘कानातले काढ’ सांगताना आवाजात जोर कुठून येणार?

चिकटपट्टीने काय बिघडते?

पट्टीमुळे दागिना दिसेनासा होतो. त्याचा कठीणपणा कमी होत नाही. कानातल्या कुडीची काडी कानाच्या पाळीतून आरपार जाऊन मागे मानेच्या बाजूला टोक काढून असते. मोठ्यांच्या सामन्यातला चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. तो कानशिलावर बसला, किंवा हेडरसाठी उडी मारताना दुसऱ्याचे डोके आदळले, की ती काडी आणि तिच्यावरची फिरकी कानामागच्या नाजूक जागेवर दाबली जाते. वर पट्टी असो वा नसो, ती रुतायची तशीच रुतते. अंगठीवर पट्टी गुंडाळली तर बोट आणखी जाड होते आणि अडकायला आणखी एक कड मिळते. शिवाय आपल्याकडे शालेय फुटबॉलचा मोठा भाग पावसाळ्यात. ओल्या अंगावर पट्टी पहिल्या दहा मिनिटांत सुटते आणि खालचा दागिना तसाच उघडा पडतो.

पण पट्टीचे खरे नुकसान वेगळेच आहे. एका सामन्यात एक पंच ‘ठीक आहे, पट्टी लाव’ म्हणतात. घरच्यांचा समज होतो की चालते. पुढच्या दोन सामन्यांतही कुणी हरकत घेत नाही. मग जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या सामन्याला नियमाला धरून चालणारे पंच येतात आणि त्या मुलीला बाहेर थांबवतात. अन्याय झाला असे तिला वाटते, आणि तिच्या बाजूने पाहिले तर वाटणारच. दोष मात्र नियम पाळणाऱ्या पंचांचा नसतो. आधीच्या तिघांच्या भिडस्तपणाचा असतो. मुलांच्या खेळात ही ‘चालवून घेण्याची’ सवय कडक पंचांपेक्षा अधिक त्रासदायक ठरते.

धोका खरोखर किती?

डिसेंबर २००४. स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये सर्वेट आणि शाफहाउजेन यांचा सामना. सर्वेटच्या पाउलो दियोगोने सहकाऱ्याला गोलसाठी पास दिला आणि आनंदाच्या भरात तो प्रेक्षकांसमोरच्या जाळीच्या कुंपणावर चढला. त्याचे नुकतेच लग्न झाले होते आणि बोटात अंगठी होती. खाली उडी मारताना ती कुंपणात अडकली आणि बोटाचा वरचा भाग तुटून तिथेच राहिला. बोट जोडणे डॉक्टरांना शक्य झाले नाही; उरलेला भागही काढून टाकावा लागला. आणि पंचांनी, नियमावर बोट ठेवून, जल्लोष अति केल्याबद्दल त्याला पिवळे कार्ड दाखवले. फुटबॉलमधला दागिन्याचा हा बहुधा सर्वांत कुप्रसिद्ध अपघात, आणि तो चेंडूमुळे किंवा प्रतिस्पर्ध्यामुळे झालेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अंगठी कशात तरी अडकते आणि शरीराचा भार खाली येतो, एवढेच पुरते. गोलच्या जाळीला लोंबकळणारी, कुंपणावरून उड्या मारणारी शाळकरी मुले कुणी पाहिलेली नाहीत?

कानाचे गणितही असेच. बाळी, रिंग, डूल यांत बोट, केस किंवा जर्सी अडकली की ओढ पाळीवर येते. पाळीत हाड नसते. ती चिरली तर टाके घालावे लागतात आणि पुढे तिथेच पुन्हा टोचणे अवघड होते. गळ्यातली साखळी पाठीमागून जर्सी ओढणाऱ्याच्या मुठीत सहज येते. मनगटातले कडे किंवा ब्रेसलेट घालणाऱ्याला फारसे काही करत नाही. ते लागते समोरच्याच्या ओठाला, भुवईला, दाताला. ‘माझ्या मुलीची जबाबदारी माझी, लिहून देतो’ असे म्हणणारे पालक नेमकी हीच बाजू विसरतात. चौथा नियम घालणाऱ्याइतकाच शेजारच्यासाठी आहे, आणि शेजारच्या मुलाच्या वतीने हमीपत्र लिहून देण्याचा अधिकार कोणत्याही पालकाला नाही.

अशा जखमा रोज होत नाहीत, हे मान्य. बरीच मुले कानातले घालून सरावात खेळतात आणि काही होत नाही. पण दोन मिनिटांत टाळता येणाऱ्या धोक्यासाठी ‘अजून कुणाला लागले नाही’ हे कारण पुरेसे नाही.

मग विश्वचषकात कसे चालले?

मुलांचे हे उत्तर ठरलेले असते : टीव्हीवर तर मोठे खेळाडू घालतात. २०२२ च्या कतार विश्वचषकात ४ डिसेंबरला फ्रान्स-पोलंड सामन्यात फ्रान्सचा बचावपटू ज्यूल कुंदे गळ्यात साखळी घालून उतरला आणि जवळपास अख्खा पूर्वार्ध तसाच खेळला. मध्यंतराला काही मिनिटे असताना ते लक्षात आले आणि कडेला उभे राहून एका सहायकाकडून ती साखळी काढून घ्यावी लागली. त्याला कार्ड मिळाले नाही, कारण त्याने नकार दिला नव्हता. प्रशिक्षक दिदिए देशाँ यांनी नंतर आपल्या खेळाडूचे समर्थन केले नाही.

यातून ‘चालते’ असा निष्कर्ष निघत नाही. तपासणीत चूक झाली एवढाच निघतो. जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, चार-पाच अधिकारी आणि डझनभर कॅमेरे असताना साखळी नजरेतून सुटू शकते, तर एकट्या पंचांवर चालणाऱ्या शाळेच्या सामन्यात काय होत असेल? म्हणूनच मुलांच्या बाबतीत सगळा भार पंचांच्या नजरेवर टाकून भागत नाही.

गोंधळाचे दुसरे कारण क्रिकेट. तिथे गळ्यात साखळ्या, कानात हिरे घालून खेळणारे नायक मुलांच्या डोळ्यांसमोर असतात. पण क्रिकेटमध्ये अंगाला अंग भिडत नाही. अमेरिकेतील शालेय क्रीडा नियम ठरवणाऱ्या ‘एनएफएचएस’ने धावण्या-उडी मारण्याच्या स्पर्धांमधली दागिनेबंदी २०१४-१५ च्या सुमारास काढून टाकली, फुटबॉलची मात्र ठेवली, त्यामागे हाच विचार. आपल्याकडे तर उदाहरण घरातच आहे. कबड्डीत नखे कापलेली हवीत आणि अंगावर कोणताही दागिना नको, हे नियमातच आहे, आणि त्यावर कबड्डीच्या मैदानात कुणी वाद घालत नाही. पकडीचा खेळ आहे, हे सगळ्यांना दिसते. फुटबॉलही भिडण्याचाच खेळ आहे. फक्त तो पायांचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे कान आणि हात विसरले जातात.

मुलींच्या कानांचा प्रश्न

व्यवहारात हा नियम मुलांपेक्षा मुलींना जास्त अडवतो, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. मराठी घरांत मुलीचे कान बहुधा तान्हेपणीच टोचले जातात; बारशाच्या दिवशी किंवा पुढे काही महिन्यांत, सोनाराच्या हातून. तेव्हापासून ‘ओके कान’ घरातल्या मोठ्यांना खुपतात. मोकळा गळा, मोकळे हात, मोकळे कान यांच्याशी अशुभाची जी भावना जोडली गेली आहे, ती बोलून दाखवली जात नाही. पण सकाळी सामन्याला निघणाऱ्या नातीच्या कानाकडे पाहून आजीच्या कपाळावर आठी उमटते ती त्यामुळेच. मुलीने फुटबॉल खेळण्याला घरातून आधीच निम्मीच संमती असते. त्यात ‘खेळायचे तर कानातले काढायचे’ ही अट आली की उरलेली निम्मीही डळमळते. म्हणून हा विषय मैदानाच्या कडेला, सामन्याआधी पाच मिनिटे, सर्वांदेखत सोडवण्याचा नव्हे.

‘छिद्र बुजेल’ ही भीती मात्र तपासून पाहावी. लहानपणी टोचलेल्या, वर्षानुवर्षे कानातले घातलेल्या पाळीचे छिद्र तासा-दोन तासांत बुजत नाही. सामना आणि सराव मिळून जेवढा वेळ जातो, त्याने काहीच फरक पडत नाही. खरी अडचण असते ती नव्या छिद्राची. पाळी भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. कानाच्या वरच्या कडेला, कूर्चेत टोचले असेल, तर सहा महिने ते वर्ष. नाकाची चमकीही बराच काळ घेते. या काळात दागिना काढला तर छिद्र आक्रसते आणि पुन्हा घालताना दुखते. म्हणून पालकांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही. पण त्यावर पट्टी हा उपाय नाही, आणि बाजारात मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची काडीही नाही. नियम सोने-प्लास्टिक असा फरक करत नाही, तो रबरी पट्टासुद्धा काढायला लावतो. पूर्वी नव्या छिद्रात कडुलिंबाची काडी घालून ठेवत. तशी काडी घरी, रात्री ठेवायला हरकत नाही. मैदानात तीही नको.

मुलांचीही एक गोष्ट इथेच सांगायला हवी. भिकबाळीची हौस पुन्हा आली आहे, आणि ती असते कानाच्या वरच्या भागात. हेडरच्या दृष्टीने याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

राखी, गंडा, कडे : श्रद्धेला जागा कुठे?

श्रावणातली पौर्णिमा शालेय फुटबॉलच्या ऐन हंगामात येते. दुसऱ्या दिवशी अर्ध्या संघाच्या मनगटावर राख्या असतात, त्यांत मणी, खडे, प्लास्टिकची फुले, तारा. त्याखेरीज गंडा, ताईत, रुद्राक्षाची माळ, जत्रेतून आणलेला काळा दोरा. नियमात ‘श्रद्धेचा धागा’ म्हणून वेगळा रकाना नाही. चामड्याचा आणि रबरी पट्टा जिथे चालत नाही, तिथे मनगटावरच्या राखीला परवानगी मागण्यात अर्थ नाही. ती सोडून दप्तरात ठेवायची आणि सामन्यानंतर पुन्हा बांधायची. पंचांनी कात्री काढू नये, एवढे पथ्य मात्र पाळायला हवे. बहिणीने बांधलेली राखी मैदानाच्या कडेला कापून टाकलेली मूल विसरत नाही.

शीख मुलांच्या कड्याचा प्रश्न याहून नाजूक. नांदेड, मुंबई, पुण्यात तो प्रत्यक्षात उद्भवतो. कडे हा पाच ककारांपैकी एक. ते घालणाऱ्याच्या लेखी दागिना नव्हेच. पण नियमात त्यासाठी सवलत लिहिलेली नाही, आणि धातूचे कडे समोरच्याच्या तोंडावर बसले तर काय होते, हे सांगण्याची गरज नाही.

अशा ठिकाणी फुटबॉलने नेहमीच दार बंद केले आहे, असेही नाही. २०११ मध्ये ऑलिम्पिक पात्रता फेरीत इराणच्या महिला संघाला डोके झाकणाऱ्या वस्त्रामुळे जॉर्डनविरुद्ध खेळू दिले गेले नाही. २०१३ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांताच्या फुटबॉल संघटनेने शीख मुलांच्या पगडी-पटक्यावर बंदी घातली. कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने त्या प्रांतिक संघटनेला निलंबित केले, फिफाने पगडीला मुभा असल्याचे स्पष्ट केले आणि बंदी मागे घ्यावी लागली. मार्च २०१४ मध्ये आयफॅबने डोक्यावरच्या वस्त्राला रीतसर मान्यता दिली. अटी सुरक्षिततेच्या : जर्सीला जोडलेले नको, लोंबणारे टोक नको, गळ्याभोवती धोकादायक बंद नको, रंग काळा किंवा जर्सीचाच. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना हिजाब घालून खेळली.

फरक समजून घ्यायला हवा. कापडाचे सुरक्षित रूप करता आले, म्हणून वाट निघाली. धातूचे मऊ रूप करता येत नाही, म्हणून कड्याबाबत ती अजून निघालेली नाही. तोवर निर्णय स्पर्धेच्या आयोजकांनी नावनोंदणीच्या वेळीच लेखी कळवायला हवा. बारा वर्षांच्या मुलाला शिट्टी वाजण्याआधी सगळ्यांसमोर ‘धर्म की सामना’ असे विचारणे कोणत्याही नियमात बसत नाही.

आजाराची माहिती देणारी पट्टी

मधुमेह, अपस्मार किंवा गंभीर अॅलर्जी असलेल्या मुलांच्या हातात आजाराची माहिती कोरलेली पट्टी असते. अमेरिकेतील शालेय नियम ती अंगाला चिकटवून, माहिती दिसेल अशी ठेवू देतात. धार्मिक पदकही साखळीविना, जर्सीच्या आत चिकटवलेले चालते. आयफॅबच्या मजकुरात असा अपवाद लिहिलेला नाही. भारतात सोपा मार्ग म्हणजे ही माहिती प्रशिक्षकाकडे कागदावर असणे आणि सामन्याआधी पंचांच्या कानावर घालणे. दंडावर लावलेला साखर मोजणारा सेन्सर हा दागिना नव्हे, त्याला दागिन्याच्या मापाने मोजू नये.

कुणी काय करायचे?

सर्वांत सोपे काम घरातले आहे : दागिने घरीच ठेवून निघायचे. तोळ्याचा भाव लाखावर गेलेला असताना सामन्याच्या दिवशी प्रशिक्षकांच्या रुमालात आठ-दहा मुलींच्या कुड्या गाठ मारून ठेवलेल्या असतात. त्यातली एक फिरकी हरवली की पुढचा आठवडा त्यावरच जातो. जुन्या सोन्याच्या कानातल्यांच्या फिरक्या वर्षानुवर्षे न उघडल्याने घट्ट बसतात. मैदानावर त्या निघत नाहीत आणि जोर लावला की कान सुजतो. हंगामाआधी एकदा सोनाराकडून त्या सैल करून घेतल्या, की मुलीला स्वतःला काढता-घालता येतात.

शाळेने आणि क्लबने हा नियम प्रवेशाच्या कागदावरच, मराठीत, ‘पट्टी चालणार नाही’ या शब्दांसह छापावा, आणि सरावालाही तोच लावावा. सरावात चालते आणि सामन्यात नाही, असे असेल तर मुलांना तो पंचांचा लहरीपणा वाटतो. पंचांनी तपासणी सामन्याच्या अर्धा तास आधी उरकली, तर काढायला वेळ मिळतो आणि कुणाचा तमाशा होत नाही. मुलींच्या संघात कान-गळ्याची पाहणी शिक्षिकेने आधीच करून घेतलेली बरी.

आणि ज्यांना नवे छिद्र पाडायचेच आहे, त्यांनी ते वार्षिक परीक्षा संपल्या की एप्रिलमध्ये पाडावे. पाळीचे असेल तर जूनच्या मध्यापर्यंत ते भरून येते आणि पहिल्या सरावाला कुडी काढून ठेवता येते. कूर्चेचे किंवा नाकाचे असेल, तर तो हंगाम बहुधा बाहेर बसून काढावा लागेल, हे सोनाराकडे जाण्याआधीच मुलीला सांगून टाकावे.